सपरीतल्या तसबिरी

पावसाळा सरला, म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यांत घरे सारवण्याची आणि चुना देण्याची घाई सुरू होते. शेतात हलका धान कापणीला आलेला असतो आणि घरात दिवाळीची तयारी चाललेली असते. झाडीपट्टीत घराच्या पुढल्या ओसरीला सपरी म्हणतात. पाहुणा येतो, तो प्रथम सपरीत बसतो. म्हणून घरातल्या तसबिरीही बहुधा तेथेच टांगलेल्या असतात. भिंतीवर चुन्याचा हात फिरण्यापूर्वी त्या एकेक करून उतरवाव्या लागतात. कोणी स्टुलावर उभे राहते, कोणी खालून हात पुढे करून तसबीर घेते, आणि तिच्यामागे वर्षभर सुखाने राहिलेली पाल घाबरून आढ्याकडे धाव घेते.

एखाद्या वर्षी एखादी काच तडकलेली निघते. मग मागचे खिळे काढून चौकट उघडावी लागते. अशा वेळी एक गोष्ट डोळ्यांत भरते. कमळावर उभ्या असलेल्या लक्ष्मीचे चित्र असावे. तिच्याभोवतीचे पाणी मध्यभागी फिके, करड्या रंगाचे दिसते, पण कडेला, जेथे चौकटीचे लाकूड चित्रावर आलेले होते, तेथे बोटभर रुंदीचा पट्टा निळा-हिरवा राहिलेला असतो. चित्र छापले गेले तेव्हा सारेच पाणी तसे होते. घरातल्या माणसांनी ते रोज पाहिले, पण ते फिके होत आहे हे कोणाच्याही लक्षात आले नाही. कारण ते एका दिवसात घडले नाही. उजेडाने ते थोडेथोडे खाल्ले.

साध्या माणसांच्या भिंतीवर चित्रे येऊन फार काळ लोटलेला नाही. पूर्वी चित्र असे ते राजवाड्यात, वाड्याच्या दिवाणखान्यात किंवा देवळाच्या भिंतीवर. चित्रकार एक चित्र काढी आणि ते एकाच जागी राही. ही स्थिती बदलली ती दगडावरच्या छपाईने. बव्हेरियातील आलोइस झेनेफेल्डर याने 1796 साली ही युक्ती शोधून काढली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याच गोष्टीवर ती उभी आहे. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढावयाचे आणि दगड पाण्याने ओला करावयाचा. कोरा दगड पाणी पितो, चित्राच्या रेषा पित नाहीत. मग त्यावर छपाईची शाई फिरविली की ती फक्त रेषांना चिकटते, आणि वर कागद दाबला की चित्र कागदावर उतरते. रंगीत चित्रासाठी दर रंगाला वेगळा दगड लागे. एकच कागद अनेक दगडांवर पाळीपाळीने दाबावा लागे, आणि तो केसभर सरकला, तर देवाच्या ओठांचा रंग गालावर जाई.

महाराष्ट्रात पुण्याच्या चित्रशाळेने 1878 सालापासून अशी चित्रे छापावयास प्रारंभ केला. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे या संस्थेच्या संस्थापकांपैकी होत. देवादिकांची आणि मराठ्यांच्या इतिहासातील पुरुषांची चित्रे तिने घरोघर नेली. पुढे 1894 साली प्रसिद्ध चित्रकार राजा रविवर्मा यांनी मुंबईत आपला छापखाना काढला. काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. चित्रपटांचे जनक दादासाहेब फाळके यांनीही उमेदीच्या काळात रविवर्म्यांच्या छापखान्यात काम केले होते. तैलचित्रासारखी दिसणारी लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती आता थोड्या पैशांत मिळू लागल्या. रेल्वेने, यात्रेच्या बाजारातून आणि फेरीवाल्यांच्या पाठीवरून ही चित्रे गावोगाव गेली. ज्या घरात कधी चित्रकाराचे पाऊल पडले नाही, त्या घरात चित्र आले.

आलेल्या चित्राला लोकांनी आहे तसे मात्र पुष्कळदा राहू दिले नाही. काही घरांतल्या स्त्रिया चित्रातल्या देवीच्या लुगड्यावर खऱ्या जरीचा काठ शिवीत, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी लावीत, आणि मग ते चित्र काचेत बसवीत. चित्रकाराला हे आवडले असते की नाही, कोण जाणे! परंतु छापखान्यातून एकसारख्या निघालेल्या हजार लक्ष्म्यांतली ही एक लक्ष्मी अशा रीतीने त्या घरची होऊन जाई. आज संग्रहालयांत अशी सजविलेली चित्रे मोठ्या कौतुकाने ठेवलेली असतात.

मळवलीचा तो छापखाना राजा रविवर्म्यांच्या हयातीतच दुसऱ्याच्या हाती गेला होता, आणि 1972 साली त्याला आग लागली. तेथे जपून ठेवलेली पुष्कळ छापील चित्रे त्या आगीत जळाली. जी सपऱ्यांत आणि देवघरांत टांगलेली होती, ती धुराने काळवंडलेली, कडा कुरतडलेली अशी का होईना, पण वाचली. चित्रे जपण्याचे काम भिंतीवरच्या साध्या खिळ्यांनी केले, असे म्हणावयास हरकत नाही.

देवांच्या रांगेनंतर सपरीत दुसरी एक रांग असते. तीत घरातले कागद असतात. कोणाच्या शाळेचा दाखला, कोणाचे कुस्तीचे प्रमाणपत्र, आजोबांचे सैन्यातले किंवा खाणीतल्या नोकरीचे पत्र, एखादे मानपत्र. या कागदांकडे पाहुण्याचे लक्ष क्वचितच जाते. पण भंडारा जिल्ह्यात ते नीट वाचून पाहण्यासारखे असतात, आणि त्यांतही वाचावयाचा तो वरचा छापील मथळा.

कारण या जिल्ह्याने एकाच जागी राहून अनेक राज्ये पाहिली. नागपूरकर भोसल्यांचे राज्य 1854 साली इंग्रजांनी खालसा केले, तेव्हा भंडारा इंग्रजी अमलाखाली आला. 1861 साली मध्यप्रांत झाला. पुढे त्याला वऱ्हाड जोडला गेला आणि मध्यप्रांत व वऱ्हाड असे नाव पडले. 26 जानेवारी 1950 रोजी त्याच प्रांताला मध्यप्रदेश हे नाव मिळाले आणि नागपूर ही त्याची राजधानी राहिली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. आता एखाद्या वृद्धाचा विचार करावा. त्याचा जन्म 1940 च्या सुमाराचा. तो मध्यप्रांत व वऱ्हाडात जन्मला, मध्यप्रदेशात शाळेत गेला, मुंबई राज्यात शाळेतून बाहेर पडला आणि महाराष्ट्रात संसाराला लागला. आणि एवढे सारे होईपर्यंत त्याने वैनगंगेचे पाणी सोडले नाही. हे तो तोंडाने सांगू लागला, तर नातवंडांना ती थट्टा वाटेल. भिंतीवरचे कागद एकापुढे एक लावले, की ती थट्टा नव्हे हे कळते. गोंदिया, तिरोडा, आमगाव या भागांतल्या जुन्या कागदांवर तर जिल्हाही भंडारा असाच आढळतो. कारण गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी.

रेल्वेच्या तिकिटांचीही अशीच गंमत आहे. भंडारा रोड हे स्थानक वरठीला आहे. पूर्वी ते बंगाल-नागपूर रेल्वेवर होते. 1952 मध्ये ती पूर्व रेल्वेत गेली, 1955 मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली आणि 2003 पासून हे स्थानक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत आहे. स्थानक हलले नाही, पाट्या मात्र हलल्या. त्या काळची तिकिटे जाड पुठ्ठ्याची, दोन बोटे रुंदीची असत. प्रवास संपला की ती फाटकावरच्या तिकीट-तपासनिसाच्या हाती द्यावी लागत. म्हणून आज ती फारशी सापडत नाहीत. एखाद्याच्या जुन्या कोटाच्या खिशात असे तिकीट निघाले, तर ते तपासनिसाच्या नजरेतून सुटलेले समजावे.

कागद मोठ्या मानाचाच असावा लागतो, असेही नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके होतात. त्या नाटकांची पातळ, रंगीत कागदांवर छापलेली हस्तपत्रके वाटली जातात आणि दुसऱ्या दिवशी पायांखाली जातात. भंडारा आणि गोंदिया या भागांत तेंदूच्या पानाचा व विडीचा धंदा मोठा. विडीच्या कट्ट्यावर गुंडाळलेली वाघ, मोर, घड्याळ अशा चित्रांची लेबले पूर्वी मुले गोळा करीत. विडी ओढणे हे आरोग्याला घातकच. पण ज्या स्त्रियांनी सूप मांडीवर घेऊन दिवसाला शेकड्यांनी विड्या वळल्या, त्यांच्या कष्टांची खूण म्हणून त्या कागदाच्या तुकड्याकडे पाहता येते. असली पाच-सहा लेबले किंवा हस्तपत्रके एका पुठ्ठ्यावर नीट मांडून काचेत बसविली, तर भिंतीला जी शोभा येते, ती बाजारातल्या महाग चित्राने येईलच असे नाही.

सर्वांत अधिक माया असते ती पत्रांची. भारतात पोस्टकार्ड निघाले 1879 साली, आणि त्याची किंमत होती पाव आणा. तेव्हापासून पुढली शंभर वर्षे खेड्यांतली सारी सुखदुःखे त्या एवढ्याशा पुठ्ठ्यावर प्रवास करीत राहिली. आलेली पत्रे टोकाला वाकविलेल्या तारेत ओवून ठेवण्याची पद्धत होती. तार खुंटीला अडकविलेली असे आणि खालच्या पत्रांवर नवी पत्रे चढत जात. शुभवार्तेच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेले असे. मृत्यूची वार्ता घेऊन आलेले कार्ड मात्र वाचून लगेच फाडून टाकीत. ते घरात ठेवीत नसत. म्हणून आज एखाद्या घरची तार उतरवून पाहिली, तर तीत लग्ने, बारशी, पिकांचे भाव आणि खुशाली एवढेच सापडते. त्या घरावर संकट आलेच नाही असे वाचणाऱ्याला वाटेल. जे फाडले गेले, ते तारेला विचारून कळत नाही.

हे सारे कागद भिंतीवर लावावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. पेटीत पडलेला कागद कोणी पाहत नाही, आणि जो कोणी पाहत नाही तो एक दिवस रद्दीत जातो. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या कागदपत्रांसाठी घरोघर पायपीट केली आणि 1898 पासून ते खंडाखंडाने छापून काढले. नाहीतर त्यांतले कितीतरी कागद वाळवीच्या किंवा चुलीच्या तोंडी गेले असते. परंतु भिंतीवर लावलेल्या कागदालाही सुख नसते. दाखवावा तर तो फिका पडतो, झाकावा तर तो विसरला जातो, अशी ही अडचण आहे.

कागद पिवळा का पडतो, हे त्याच्या जन्मावरून समजते. जुन्या काळी कागद चिंध्या, ताग आणि दोरखंडाचे तंतू कुटून हाताने बनवीत. तो शेकडो वर्षे टिकतो. एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्यापासून स्वस्त कागद होऊ लागला. लाकडात लिग्निन नावाचे द्रव्य असते. ऊन आणि हवा लागली की ते पिवळे-तपकिरी होते. शिवाय शाई फुटू नये म्हणून अशा कागदात तुरटी घालीत. तिच्यामुळे कागदात आम्ल तयार होते आणि तो ठिसूळ होतो. वर्तमानपत्राचा तुकडा चार दिवस उन्हात राहिला की त्याचा रंग बदलतो, तो याचमुळे. तीनशे वर्षांपूर्वीचे मोडी पत्र हातात घेता येते आणि साठ वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र घडीवर तुटते, यात नवल नाही.

उन्हाच्या जोडीला झाडीपट्टीत पाऊस असतो. पावसाळ्यात बाहेरची भिंत पाणी पिते, चौकटीच्या मागे ओल धरते, आणि चित्र काचेला टेकलेले असेल तर ते काचेलाच चिकटून बसते. मग काच काढू जाता रंगही निघून येतो. म्हणून जाणते कारागीर चित्र आणि काच यांच्यामध्ये मधोमध खिडकी कापलेला जाड पुठ्ठा घालतात. त्यामुळे दोहोंमध्ये हवेला जागा राहते. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून लाकडाचे किंवा बुचाचे तुकडे लावले, की तसबीर भिंतीला पुरती टेकत नाही. जागा निवडावी ती आतल्या भिंतीची, जेथे दुपारचे ऊन येत नाही आणि चुलीचा धूर पोचत नाही.

चिकटविण्याच्या बाबतीत मात्र बहुतेकांची चूक होते. कणकेची खळ कसरीला आणि झुरळांना फार आवडते. ती खाताखाता ते कागदही खातात. चिकटपट्टी प्रथम स्वच्छ दिसते, पण काही वर्षांत तिचा तपकिरी डाग कागदात उतरतो आणि तो कशानेही जात नाही. अलीकडे जुना कागद प्लॅस्टिकच्या दोन पातळ थरांत तापवून बंद करून आणण्याची चाल पडली आहे. दुकानात ते काम दोन मिनिटांत होते आणि कागद चकचकीत दिसतो. परंतु तो पुन्हा बाहेर काढता येत नाही. जे केलेले पुन्हा उलटविता येत नाही, ते जुन्या कागदाला करू नये, असे अभिलेखागारांतले तज्ज्ञ मानतात. कागदाच्याच घडीचे चार लहान कोपरे करून ते पुठ्ठ्यावर चिकटवावे आणि मूळ कागद त्यांत अलगद खोचावा. कागदाला काहीच चिकटत नाही, आणि मनात येईल तेव्हा तो काढून घेता येतो. ज्या कागदाला जोड नाही, त्याचे छायाचित्र काढून छापावे आणि ते भिंतीवर लावावे. मूळ कागद पेटीत, कोरड्या जागी, स्वच्छ सुती कापडात असू द्यावा. एवढे तर आज मोबाइल फोनने कोणालाही साधते.

हे सारे ठाऊक नसलेल्या एखाद्या मुलाची कल्पना करावी. लाखनीकडच्या एका गावात तो राहतो असे समजावे. दिवाळीच्या आवराआवरीत आजीच्या पेटीत त्याला एक पोस्टकार्ड सापडते. एका अंगाला पत्ता आहे, छापील तिकीट आहे आणि त्यावर टपालाचा गोल काळा शिक्का आहे. तो इतका स्वच्छ उमटला आहे की आतले पवनीचे नाव वाचता येते. मुलाला तो शिक्का फार आवडतो. आजीला आश्चर्याचा धक्का द्यावा, म्हणून तो घाईने खळ शिजवितो, कार्ड जाड पुठ्ठ्यावर घट्ट चिकटवितो, काच बसवितो, आणि नव्याने चुना दिलेल्या भिंतीवर, आजीच्या बाजेसमोर, ती तसबीर टांगतो.

आजी येते. बराच वेळ तसबिरीकडे पाहत राहते. मुलाला वाटते, तिला आनंद झाला आहे.

मग ती हळूच विचारते, “बाबू, याच्या मागच्या बाजूला लिहिलेले होते ना रे?”

मुलाचा चेहरा उतरतो. कार्ड तिच्या वडिलांचे होते. ती नवी नवरी होऊन या घरी आली, त्या पहिल्या पावसाळ्यात त्यांनी ते पवनीहून लिहिले होते. त्यांच्या हातचे अक्षर घरात दुसरे नव्हते. मुलगा घाईने तसबीर उतरवितो, काच काढतो, नखाने कार्डाचा कोपरा उचकटू पाहतो. कार्डाचा वरचा थर सुटू लागतो. तेवढ्यात त्याचे वडील त्याचा हात धरतात.

“थांब. ओढलेस तर फाटेल. पाण्याने भिजविले तर खळ सुटेल, पण दौतीतली शाई आहे ती, तीही सुटेल. अक्षरे राहावयाची नाहीत.”

कोणीच काही बोलत नाही. अखेर आजीच म्हणते, “राहू दे. वही आण.”

मुलगा वही आणतो. आजी बाजेवर बसते, डोळे मिटते आणि सांगू लागते. ते पत्र तिने पहिल्या वर्षी इतक्या वेळा वाचले होते की आता तिला कार्डाची गरज नव्हती. अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहेत. गाय व्याली, कालवड झाली. तुझी आई तुझ्या हातच्या वड्यांची आठवण काढते. रोवणी अर्धी झाली. नागपंचमीला तुला न्यावयास भाऊ येईल, सासूबाईंना विचारून ठेवावे. मुलगा भराभर लिहीत जातो. पानाच्या खाली येईतो पत्र संपते, आणि तो लिहिलेले तिला वाचून दाखवू लागतो.

“इकडे पाऊस बरा आहे,” तो वाचतो.

“बरा नाही,” आजी त्याला थांबविते. “बाबांनी ‘बेताचा’ असे लिहिले होते. इकडे पाऊस बेताचा आहे.”

मुलगा आधीचा शब्द खोडतो आणि वर नीट अक्षरांत लिहितो, ‘बेताचा’.